रबरी ड्रेसची गॅरंटी

दादाचा ड्रेस मुंबईहून आला तो एस.टी.च्या टपावरून. गोणपाटात गुंडाळलेला, वरून सुतळीचे वेढे. भोरच्या स्टँडवर तो उतरवून देताना कंडक्टरने विचारलं, आत कुणी माणूस तर नाही ना. विचारणं अगदीच वावगं नव्हतं. ड्रेसला हात होते, पाय होते, पायांना खाली मोजे जोडलेले होते. डोकं तेवढं नव्हतं. डोकं म्हणजे तांब्याचा टोप, समोर आणि बाजूंना जाड काचा असलेला. तो दादाने गोदीतल्या जुन्या सामानाच्या लिलावात आधीच घेऊन ठेवला होता. आमच्या आळीत त्या टोपाला सगळे हंडाच म्हणत. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "लेकाचं लगीन काय ह्या हंड्याशीच लावनार हायेस व्हय?"

आई म्हणायची, "हंडा उलटून बोलत न्हाई. सून बोलंल."

हे एकोणीसशे सत्तरच्या थोडं आधीचं. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. घरात आई, दादा आणि मी. मी भोरमध्येच एका सहकारी सोसायटीत टायपिस्ट होते. घरातले सगळे कागद माझ्या ताब्यात असत, त्यामुळे ड्रेसचं गॅरंटीकार्डही माझ्याकडेच आलं. ते इंग्रजीत होतं. मी दादाला मराठीत सांगितलं आणि फायलीला लावलं. एक वर्षाच्या आत शिवण सुटली, रबर फुटलं किंवा पाणी झिरपलं, तर कंपनी विनामूल्य दुरुस्ती करून देणार. घालताना मनगटाच्या रबराला फक्त साबणाचं पाणी लावायचं. उन्हात वाळवायचा नाही. तेल, ग्रीस, रॉकेल जवळ येऊ द्यायचं नाही. दादा म्हणाला, ह्यात नवीन काही नाही, गोदीत हे पहिल्या दिवशी शिकवतात.

दादा गोदीत पाणबुड्या होता. बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडण्यापासून त्याने सुरुवात केली आणि पुढे लोखंड कापणं, साखळ्या बांधणं, बुडालेलं सामान वर काढणं असं सगळं शिकला. पण पहिली काही वर्षं तो उघड्या अंगानेच पाण्यात उतरायचा. त्याचं व्हायचं ते झालं. फुप्फुसात पाणी झालं, कितीतरी महिने तो दवाखान्यात पडून होता आणि शेवटी हाडांचा सापळा होऊन भोरला आला. आईने त्याला उभा केला. अंडी, दूध, खारीक, आणि सकाळी कोवळ्या उन्हात बसवणं. चुलत्यांनी सांगितलं, आता पाण्याचं नाव सोड, दुकानात बस. तो महिनाभर एका किराणा दुकानात बसला. पुड्या नीट बांधायचा, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते त्याला दोनदा विचारावं लागायचं. पाण्याबाहेर दादाचं लक्ष कुठेच नसे. पाण्याखाली मात्र हाताला काय लागलं, कुठला बोल्ट किती फिरला, गाळ कुठून सुरू झाला, हे तो वर आल्यावर तासभर सांगू शकायचा. एरवी इतकं बोलणं त्याच्याकडून आम्ही कधी ऐकलं नाही.

भोरच्या डॉक्टरांनी त्याला तपासून स्पष्ट सांगितलं होतं. पाण्यात जायचंच असेल तर जा, पण अंगाला पाणी लागता कामा नये. छाती पुन्हा भिजली आणि गारठली, तर पुढचं मी सांगू शकत नाही. म्हणून हा ड्रेस. दोन पदरी जाड कापड, मध्ये रबराचा थर, गळ्याला रबरी कॉलर आणि मनगटांना रबरी पट्ट्या, हाताला घट्ट बसणाऱ्या. माणूस गळ्यातून आत उतरायचा, मग कॉलरवर टोप बोल्टांनी आवळायचा आणि वर तराफ्यावर दोन गडी हवेच्या पंपाचं चाक फिरवत राहायचे. आत माणूस कोरडा. गोदीत साठवलेलं सगळं त्याने ह्या ड्रेसमध्ये घातलं. दुसरा घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

काम मिळण्याची आशा होती ती भाटघरच्या धरणावर. तिथे दारांपुढे पाण्याखाली लोखंडी जाळ्या असतात. पुरात वाहून आलेले ओंडके, झाडोरा त्यांत अडकतो. पावसाळ्याआधी कुणीतरी खाली जाऊन ते मोकळं करावं लागतं. हे काम करायला मुंबईहून माणूस यायचा. तिथले साहेब दादाला म्हणाले होते, तुमचं सामान तयार ठेवा, पुढच्या वैशाखात पाण्यात चाचणी घेऊ, ड्रेसमध्ये पाणी शिरत नसेल तर काम तुमचं. दरवर्षीचं काम. मधल्या काळात दादा आसपासच्या गावांतून विहिरींची कामं करायचा. इंजिनाचा पाइप गाळात रुतला, पंप घसरून तळाला गेला, की बोलावणं यायचं.

पहिल्यांदा ड्रेस घालून तो किकवीजवळच्या एका विहिरीत उतरला तेव्हा मी आणि आई मुद्दाम गेलो होतो. विहिरीच्या काठावर सगळा गाव. खालून बुडबुडे येत होते, आणि आई त्या बुडबुड्यांकडे बघत उभी होती. दादा वर आला, टोप काढला, ड्रेसमधून बाहेर पडला. आईने त्याच्या बनियनवरून पुढून मागून हात फिरवला. बनियन घामाने थोडा ओलसर होता, पाण्याने नाही. त्या दिवसापासून आईचा ड्रेसवरचा राग गेला. ती त्याला "माझ्या लेकाचं कातडं" म्हणायला लागली. मागच्या खोलीत बांबू टाकून तो तिनेच टांगायला लावला, उंदीर लागू नये म्हणून बांबूच्या दोन्ही टोकांना बाभळीचे काटे बांधले, आणि पावसाळाभर रोज एकदा जाऊन बघून यायची.

दसरा झाला, दिवाळी झाली. मार्गशीर्षात राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावातून बोलावणं आलं. विहीर खोल, पाणी गार, इंजिनाच्या पाइपाचा खालचा व्हॉल्व्ह चिखलात गच्च बसलेला. मी त्या वेळी बरोबर नव्हते. पंप फिरवणाऱ्या गड्यांनी नंतर सांगितलं ते असं, की दादाने काम पुरं केलं, व्हॉल्व्ह सोडवला, मगच वर ओढायची खूण केली. वर आल्यावर त्याने हात खाली सोडले तर बाहीतून पाणी धारेने बाहेर पडलं. ड्रेस उतरवला तेव्हा पायाचे मोजे पाण्याने भरलेले होते. गावकऱ्यांनी शेकोटी केली, घोंगडी दिली, गुळाचा चहा दिला. पण परतीची एस.टी. यायला वेळ होता.

त्या रात्री त्याला ताप भरला. त्या दिवसांतलं मी फार लिहीत नाही. आई त्याच्या उशाशी होती. ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकायची, पाठीला हात लावून त्याला बसता करायची, खोकल्याची उबळ सरेपर्यंत धरून ठेवायची. डॉक्टर दोनदा घरी आले. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी मला ओट्यावर बोलावून सांगितलं, ह्या वेळी वाचला. पुन्हा असं भिजून मला दाखवायला आणू नका.

दादा उठून बसायला लागला तसं मी ड्रेसचं बघितलं. पाणी दोन ठिकाणांहून येत होतं. एक, मनगटाच्या पट्ट्यांतून: तिथलं रबर फुगून चिकट झालं होतं, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दुसरं, दोन पायांच्या मधल्या शिवणीतून: तिथे आतली रबरी पट्टी सुटून आली होती, जशी भिंतीवरून चुन्याची खपली सुटते. गॅरंटीचं वर्ष संपायला अवकाश होता. मी कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं, दोन्ही दोष वेगवेगळे लिहिले, उत्तर आलं की माल घेऊन या. दादाला प्रवास झेपेल असं झाल्यावर आम्ही दोघं निघालो. बरोबर काय काय घ्यायचं ह्याची मी यादी केली होती: ड्रेस, कार्ड, पावती, पत्राची नक्कल, दादाची औषधं, दशम्या. यादीतलं सगळं नीट मुंबईला पोचलं.

कंपनीचं दुरुस्तीचं खातं एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. आत रबराचा आणि लाखेचा वास. काउंटरमागचे गृहस्थ वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेले, वागायला सभ्य. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी आधी दादाला बसायला स्टूल दिलं. कुठे काम करता, किती खोल जाता, सगळं आपुलकीने विचारलं. मग ड्रेस टेबलावर पसरून त्यांनी मनगटाची पट्टी हातात घेतली. ती ताणली, सोडली, ती परत आपल्या आकारात आली नाही. त्यांनी ती नाकाशी नेली. मग कॉलर तशीच बघितली.

"ह्याला तेल लागलंय," ते म्हणाले. "नुसतं लागलेलं नाही, चोळून मुरवलंय. कुणी लावलं?"

मी म्हणाले, शक्यच नाही. दादाला हे माहीत आहे, तो ह्याच धंद्यातला आहे. त्यांनी पट्टी दादापुढे धरली. दादाने वास घेतला. मीही वाकून घेतला. कडवट, उग्र, नाकात बसणारा वास. करंजेल. करंजाच्या बियांचं तेल. आमच्या घरात त्याची बाटली एकच होती. ती आई माहेराहून, वेल्ह्याकडच्या गावातून आणायची आणि गुडघ्यांना लावायची.

दादाने पट्टी परत त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "म्याच लावलं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बघितलं नाही.

त्या गृहस्थांना खरंच वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, गोदीत काम केलेला माणूस रबराला तेल लावतो हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. त्यांनी कार्डावरची ओळ दाखवली. मनगट आणि कॉलर दोन्ही गेली आहेत, गॅरंटीत बसत नाही, आणि पैसे देऊन करायचं म्हटलं तरी कॉलर बदलायची म्हणजे निम्मा ड्रेस नवा करण्यासारखंच आहे. मी म्हणाले, मनगटाचं राहू द्या. शिवणीचं काय? ते म्हणाले, तेल पसरत जातं. मी विचारलं, मनगटाचं तेल अंगावरून चालत जाऊन पायांच्या मध्ये कसं पोचेल? तिथे तेलाचा डाग नाही, वास नाही, शिवणीचं रबर चिकटही नाही, ते नुसतं सुटलंय. ती तुमच्या कारखान्याची चूक आहे. त्यांनी शिवण उलटी करून बराच वेळ बघितली. आत जाऊन आणखी एकाला दाखवून आले. परत आल्यावर त्यांचा आवाज बदलला होता. तुम्ही म्हणता त्यात तथ्य असू शकतं, म्हणाले. कारखान्याला कळवतो. शिवणीचा दोष आमचा ठरला तर पूर्वी एकदोनदा कंपनीने सगळा ड्रेसच बदलून दिलेला आहे. पण तेलाचं काय झालं ते आम्हाला नीट समजलं पाहिजे. कुणी लावलं, कधी, कशावर, ड्रेस घरात कुठे ठेवला होता. आमचा माणूस पंपांच्या कामाला पुण्याला येतो, तो तुमच्या घरी येऊन जागा बघेल आणि जबाब लिहून घेईल. तोवर ड्रेस घेऊन जा, त्याला दाखवायला लागेल.

मी बाहेर आले ती जिंकल्यासारखी. पुण्यापर्यंत मी जबाबात काय काय यायला हवं ते मनात जुळवत होते. दादा खिडकीबाहेर बघत होता. पुण्याहून भोरची एस.टी. कात्रजचा घाट चढायला लागली तेव्हा तो बोलला.

दसऱ्याला तो घरी नव्हता. आंबवड्याला एका विहिरीचं काम ठरवायला गेला होता. परत आला तेव्हा आईने त्याच्या सगळ्या हत्यारांची पूजा केलेली होती. छिन्नी, हातोडा, पहार धुऊन पाटावर मांडलेली, तांब्याचा टोप चिंचेने घासून लखलखीत केलेला, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. हे मलाही आठवत होतं, मी त्या दिवशी घरात होते. खंडेनवमी-दसऱ्याला घरोघर हेच चालतं. पण आईच्या माहेरी आणखी एक गोष्ट असायची. तिथे शेताला पाणी मोटेने द्यायचे. मोट कातड्याची. दसऱ्याला नांगर-कुळवाबरोबर मोट खाली काढायची, तिला करंजेल चोळायचं, विशेषतः तोंडाच्या आणि सोंडेच्या शिवणीला, ते मुरेपर्यंत. न चोळलेली मोट वाळून तडकते आणि पाणी गळतं. हे काम घरातल्या बायकांचं. आईने लहानपणापासून ते केलेलं होतं. पाण्यात जाणाऱ्या वस्तूला तेल हवं, ही तिच्या लेखी शंका घेण्याची गोष्टच नव्हती. लेकाचं कातडं तिने मोटेसारखंच चोळलं असणार, जिथे ते माणसाला आवळतं तिथे जास्त.

दादा हे सगळं हळू आवाजात, पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत सांगत होता. मी म्हणाले, मग तू लावलं असं कशाला सांगितलंस?

घरी पोचलो तर आई दारातच. कंपनीवाले काय म्हणाले, तिने विचारलं. दादाने पायातल्या वहाणा काढल्या, हात-पाय धुतले, मग म्हणाला, "रबर कच्चं निघालं त्यांचं."

"मेल्यांनो," आई म्हणाली. ती कंपनीला म्हणत होती. "म्या मोटंवानी जपला त्याला. वरीसभर जपला."

"व्हय," दादा म्हणाला. "तू जपलास म्हनून येवडा तरी टिकला."

मी आत जाऊन दिवा लावला.

दुसऱ्या दिवसापासून आईने कंपनीचा उद्धार सुरू केला. पाणवठ्यावर, बाजारात, मारुतीच्या पारापाशी, जो भेटेल त्याला. मुंबईच्या लोकांनी माझ्या लेकाला कच्चं रबर दिलं, त्यापायी तो मरता मरता वाचला. शेजारच्या काकू म्हणायच्या, त्यांच्यावर केस कर. आई सांगायची, माझी लेक शिकलेली हाय, ती सोडनार न्हाई त्यांना. संध्याकाळी मी घरी आले की विचारायची, काय कागूद आला का.

कागद आला. मी तो ऑफिसातच फोडला. कारखान्याने शिवणीची तक्रार विचारात घेतली होती. त्यांचा माणूस येत्या पंधरवड्यात भोरला येणार होता. घरी ड्रेस टांगण्याची जागा बघेल, तेल कोणत्या प्रकारचं आणि कुणी लावलं ते विचारेल, घरातल्या माणसांशी बोलेल. त्यावर निर्णय अवलंबून. तो येण्याचा दिवस कळवा. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. वैशाखाला अजून दीड-दोन महिने होते. दुरुस्ती किंवा नवा ड्रेस, काहीही झालं तरी धरणाची चाचणी गाठता आली असती.

दादा नदीच्या घाटावर बसला होता. मी पत्र त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्यांना लिहून टाक, येऊ नका.

मी त्याला समजावलं. त्या माणसाला घरी आणायचंच नाही, मी त्याला माझ्या ऑफिसात बसवते, चहा देते, तुझा जबाब तिथेच लिहून घेऊ. दादा म्हणाला, जागा बघायची हाय त्याला. मी म्हणाले, मग आईला त्या दिवशी मामाकडे धाडू. तो म्हणाला, कंपनीचा मानूस येनार हे तिला कळल्यावर ती जाईल व्हय कुठं? ते खरं होतं. आख्ख्या आळीला कळलं असतं. आई त्या माणसाला सोडायला तयार झाली नसती.

"तिला इचारायला बी लागनार न्हाई," दादा म्हणाला. "ती आपनहून सांगंल. बाटली आनून दाखवंल त्याला. म्हनंल, बघा म्या कशी निगा राखली. आन् तो मानूस तिच्या तोंडावर सांगंल."

मी म्हणाले, कळलं तर कळलं. तिने मुद्दाम केलं का? अडाणीपणाने झालं. चार दिवस रडेल. तुझा आयुष्यभराचा धंदा आहे हा.

"पालीवरनं आलो तवा तिनं मला मांडीवर घिऊन रात काढली बाय," तो म्हणाला. "ते दुखनं तिच्या हातानं आलं, हे तिला कळू द्यायचं न्हाई. मग मला काम मिळंल न्हाई तर न्हाई."

मी आणखी बोलले. मला वाद घालता येतो, आणि त्या दिवशी मी चांगला घातला. सगळं बोलून झाल्यावर तो फक्त म्हणाला, "लिव तू."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर पत्र टाइप केलं. आमची तक्रार आम्ही मागे घेत आहोत, आपल्या माणसाने येण्याची तसदी घेऊ नये. तीन ओळी. त्यांचं उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. आजही मला खात्री आहे की शिवणीच्या मुद्द्यावर आम्ही ती केस जिंकलो असतो. नंतरच्या आयुष्यात मी सोसायटीसाठी, शेजाऱ्यांसाठी, स्वतःसाठी पुष्कळ तक्रारी लढवल्या. याहून भक्कम तक्रार माझ्या हातात पुन्हा आली नाही.

दादाने हार मानली असंही नाही. सायकलच्या दुकानातून त्याने ट्यूबचे तुकडे आणि पंक्चरचं सोल्यूशन आणलं. शिवण खरवडून साफ केली, पट्टी डकवली, वर दगड ठेवून वाळवली. मनगटाला ट्यूबच्याच नळ्या चढवल्या, वरून सुतळीने बांधल्या. कॉलरला काही करता येण्यासारखं नव्हतं, तिथे त्याने टोपाचे बोल्ट जास्त आवळायचं ठरवलं. नीरेच्या उथळ पाण्यात त्याने तो घालून बघितला. छातीपर्यंत पाण्यात तो कोरडा राहिला. वर येऊन माझ्याकडे बघून हसलाही.

वैशाखात धरणावर चाचणी झाली, मी बरोबर गेले होते. साहेब चांगले होते, त्यांनी घाई केली नाही. पण धरणाचं पाणी नदीच्या उथळ पाण्यासारखं नसतं, खाली गेलं की ते चारी बाजूंनी दाबतं. दादा खाली गेला आणि थोड्याच वेळात दोरीला हिसके आले. वर आला तेव्हा कॉलरखाली बनियनवर ओला पट्टा होता, आणि मनगटाची एक नळी सुतळीसकट निघून गेली होती. साहेबांनी त्याला लगेच टॉवेल दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मी ह्यांना खाली सोडू शकत नाही, बाई. उद्या काही झालं तर? मी मान डोलावली. त्यांचं बरोबर होतं.

काम मुंबईच्या माणसाला गेलं. साहेबांनी दादासाठी एवढं केलं, की वरची दोरी धरायला त्याला ठेवलं. खाली गेलेल्या माणसाची दोरी धरणं हेही सोपं काम नाही. एक हिसका म्हणजे सगळं ठीक, लागोपाठ हिसके म्हणजे ओढा, आणि मधल्या वेळात दोरी नुसती हातात जाणवत राहते. दादाचं लक्ष तिथे कधी चुकलं नाही. त्याने पुढे बरीच वर्षं ते काम केलं. त्याचा स्वतःचा टोप त्याने त्याच वर्षी एका भंगारवाल्याला दिला. ड्रेस आईने द्यायला नकार दिला, कंपनीवर दावा लावायचा म्हणून. तो मागच्या खोलीत बांबूवरच राहिला.

त्या पहिल्या वैशाखात एका दुपारी मी आणि आई भाकरी घेऊन धरणावर गेलो होतो. तराफा भिंतीपासून थोडा आत होता, पण त्या दिवशी काठाकडच्या दारापाशी काम चाललं होतं, त्यामुळे काठावर बसून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. मुंबईचा पाणबुड्या खाली होता. त्याच्या बुडबुड्यांची रांग भिंतीच्या कडेने हळूहळू सरकत होती. पंपाचं चाक फिरत होतं. दादा गुडघ्यावर बसून दोरी हातातून थोडी सोडायचा, थोडी घ्यायचा. मधूनच साहेबांना सांगायचा, आता डाव्या जाळीपाशी पोचलाय, ओंडका मोठा दिसतोय, त्याला वेळ लागेल. साहेब त्याच्या बोलण्यावरून वहीत नोंद करत होते.

आईने पदराने ऊन अडवलं होतं. शेजारी बसलेल्या एका गड्याच्या बायकोला ती कंपनीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती. कच्चं रबर, पालीची विहीर, ताप. सांगून झाल्यावर म्हणाली, "फसवलं त्यांनी. पन म्या म्हनते, बरंच झालं. आता पान्यात जायाचं तरी सुटलं."

ती बाई म्हणाली, "तर काय. देवच पावला."

दादाला ते ऐकू गेलं असणार. दोरीवरचा त्याचा हात तसाच राहिला. खालचा माणूस कामाला लागला होता, बुडबुडे एका जागी उकळल्यासारखे वर येत होते. आई थोडा वेळ ते बघत राहिली. मग तिने तराफ्याकडे तोंड करून, जरा मोठ्याने विचारलं, "खाली लई गार आसंल, न्हाई रं?"

दादाने वर बघितलं नाही. थोडी दोरी सोडली.

"आसंल," तो म्हणाला.